गोमंतकाचा मंत्री माधव

मागल्या पावसाळ्यात आमच्याकडील एका देवस्थानात पुराणवाचनानंतर एक व्याख्यान झाले. व्याख्याते वक्तृत्वसंपन्न होते आणि विषय होता श्री सप्तकोटेश्वराचा इतिहास. बोलण्याच्या ओघात त्यांनी सांगितले की, विद्यारण्यस्वामींनी दंडकमंडलू बाजूस ठेवून हाती खड्ग घेतले, गोवे जिंकले आणि उखडून टाकलेल्या लिंगाची पुन्हा प्रतिष्ठा केली. सभामंडपात टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी माझी मावशी बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, शिक्षण मराठी चौथीपर्यंत, परंतु एकादशी आणि प्रदोष केव्हा हे पंचांग न उघडता सांगणारी. तिने टाळी वाजविली नाही. थट्टेने ती मला वकीलबाब म्हणते, माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "वकीलबाब, सन्यास घेतिल्लो मनीस तलवार घेवन झुजाक कसो वतलो?"

त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. परंतु घरी आल्यावर तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. कारण वरवर भाबडा वाटणारा तो प्रश्न वस्तुतः कायद्याचा होता. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे विधिपूर्वक संन्यास घेणे म्हणजे संसाराच्या दृष्टीने मरण पावणे होय. ब्रिटिश अमदानीतील न्यायालयांनीही हे तत्त्व मान्य केले व त्याला नागरी मृत्यू असे नाव दिले. संन्याशाला पूर्वाश्रमीच्या कुळात वाटणी नाही, वारसा नाही, गोत्र नाही. मग असा पुरुष सैन्य घेऊन बंदर जिंकतो, प्रांताचा कारभार करतो आणि स्वतःच्या नावाने गावे दान देतो, हे घडावे कसे? मावशीने एका वाक्यात जी हरकत घेतली, ती घेण्यास इतिहासकारांना बरीच वर्षे लागली.

खरी गोष्ट अशी की गोवे जिंकणारा पुरुष विद्यारण्य नव्हेच. तो माधव नावाचा दुसराच एक गृहस्थ. विजयनगरचा मंत्री, सेनापती आणि ग्रंथकार. दोघे समकालीन, दोघे विद्वान, दोघे त्याच राजवटीच्या सावलीत वाढलेले, आणि दोघांचे नाव माधव. या नामसाम्याने एकाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या नावावर चढले. आपल्या देवतेच्या इतिहासात ज्याचे नाव आदराने यावयास हवे, त्याचीच ओळख पुसली गेली. तेव्हा या विस्मृत सरदाराचे चरित्र, जेवढे पुराव्याने उभे राहते तेवढे, वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

त्याच्यापाशी जाण्यापूर्वी त्याच्या काळाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. लोंढ्याच्या स्थानकावर गाडी बदलून कॅसल रॉक, दूधसागर, कुळे असा घाट उतरणाऱ्या आमच्या मंडळींना घाटावरचा प्रदेश आणि गोमंतक ही दोन वेगळी राज्ये होती असे मनातून कधीच वाटत नाही. इतिहासातही ती पुष्कळ काळ वेगळी नव्हती. आमच्याच खानापूर तालुक्यातील हलशी ही प्राचीन पलाशिका. बनवासीच्या कदंबांचे ताम्रपट येथे सापडले, आणि पुढे गोव्याच्या कदंबांनीही या गावाला मोठा मान दिला. तेथील भूवराह-नरसिंहाचे देऊळ त्यांच्याच काळचे. शिवचित्त पेर्माडी आणि त्याची राणी कमलादेवी यांची नावे घाटावरील देगावच्या कमलनारायण मंदिराशी जोडलेली आहेत. हे कदंब राजे समुद्रावर राज्य करीत आणि घाटावरही. परंतु आपल्या बिरुदांत व नाण्यांवर ते अभिमानाने सांगत की आपणांस सप्तकोटेश्वराचा वरप्रसाद लाभला आहे. मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर, नार्वे गावी, या देवाचे स्थान होते. सप्तर्षींनी तेथे तप केले व सात धातूंचे लिंग घडविले अशी कथा आहे. राजाचे कुलदैवत म्हटले की त्याला केवळ देऊळ नसते; शपथा, दाने, तह, सिंहासनारोहण या सर्वांना त्या देवाची साक्ष असते. म्हणून राज्य गेले की पहिला घाव त्याच देवळावर पडतो.

चौदाव्या शतकात तसा घाव पडला. कदंबांची सत्ता त्या शतकाच्या आरंभीच खिळखिळी झाली होती. दिल्लीच्या फौजा दक्षिणेत उतरल्या; देवगिरीचे यादव गेले, द्वारसमुद्राचे होयसळ गेले. त्या धामधुमीतील गोव्याचे एक चित्र इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने रेखाटले आहे. होनावरचा सुलतान जमालुद्दीन याच्या आरमाराबरोबर तो सिंदापूरच्या, म्हणजे गोव्याच्या, स्वारीत प्रत्यक्ष सामील होता. स्वारीचे जे कारण तो देतो ते लक्षात ठेवण्याजोगे आहे: सिंदापूरच्या राजाचा मुलगा बापाशी भांडला आणि त्यानेच होनावरला पत्र धाडून मदत मागितली. शिवाय तो हेही सांगतो की होनावरचा हा सुलतान स्वतः हरियब नावाच्या एका हिंदु राजाचा अंकित होता. हा हरियब म्हणजे विजयनगरचा पहिला हरिहर असे विद्वान मानतात. तेव्हा त्या काळची भांडणे आपण आज कल्पितो तशी सरळ दोन रांगांत उभी नव्हती. हे येथे मुद्दाम नमूद करतो, कारण माधवाची कथा सांगताना पुष्कळ वक्ते त्या रांगा आपल्या हातांनी आखून देतात. पुढे गुलबर्ग्यास बहामनी राज्य स्थापन झाले, गोवे त्याच्या ताब्यात गेले आणि त्याच काळात दिवाडीचे देऊळ उद्ध्वस्त झाले.

इकडे तुंगभद्रेच्या काठी १३३६ मध्ये संगमाच्या पुत्रांनी विजयनगरचा पाया घातला. पाच भाऊ, त्यांतील हरिहर आणि बुक्क यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. मारप्प हा त्यांतलाच एक. पश्चिमेकडील बनवासी व चंद्रगुत्ती यांच्या बाजूचा मुलूख त्याच्याकडे होता. १३४७ च्या एका शिलालेखात मारप्पाबरोबर त्याचा मंत्री म्हणून माधव आपल्याला प्रथम भेटतो. लेख सांगतो की मारप्पाने कदंब राजाचा पराभव केला, गोकर्णास महाबळेश्वराचे दर्शन घेतले, आणि आपल्या या मंत्र्याच्या साहाय्याने शैव आगमांचे सार काढून ग्रंथरूपाने संकलित करविले. एकाच लेखात लढाई, तीर्थयात्रा आणि ग्रंथरचना! तो सारा काळच या तीन गोष्टींना वेगळ्या खात्यांत टाकीत नसे. माधवाच्या पुढील आयुष्याची मुद्रा या पहिल्याच उल्लेखात उमटलेली आहे.

त्याचे कुल व परंपरा लेखांतून स्पष्ट होते. बाप चौंड किंवा चौंडिभट्ट, आई माचांबिका, गोत्र आंगिरस. गुरू काशीविलास क्रियाशक्ती. हे थोर शैव आचार्य होते आणि संगम घराण्यातील राजेही त्यांना गुरू मानीत. माधवाची भक्ती त्र्यंबकेश्वर शिवावर. स्कंदपुराणांतर्गत सूतसंहितेवर त्याने 'तात्पर्यदीपिका' नावाची टीका लिहिली. पुण्याच्या आनंदाश्रमाने ती मूळ ग्रंथासह छापली आहे. टीकेच्या प्रकरणसमाप्तीत तो स्वतःला क्रियाशक्तीचा परमभक्त, त्र्यंबकाच्या चरणकमलांचा सेवक आणि उपनिषन्मार्गाचा प्रवर्तक म्हणवितो. शिलालेखांत मात्र याच पुरुषाला 'भुवनैकवीर' हे बिरुद आहे. ज्या हाताने उपनिषदांचा अन्वय लावला त्याच हाताने घोड्याचा लगाम धरला, ही गोष्ट आपल्या भागातील वाचकांना फारशी चमत्कारिक वाटू नये. मिरज-तासगावच्या पटवर्धनांची आणि बापू गोखल्यांची आठवण येथे अजून ताजी आहे. विद्वान कुळांतून सेनापती निघणे हे पेशवाईतले नवल नव्हे, त्यापूर्वी चारशे वर्षे ते चालू होते.

मारप्पानंतर बुक्करायाने माधवास बनवासीचा अधिकार दिला. पश्चिम समुद्रापर्यंतचा प्रदेश राखावा आणि वाढवावा ही आज्ञा. १३६८ च्या लेखात तो या अधिकारावर स्थिर झालेला दिसतो. त्याच वर्षी त्याने मुच्चुंडी नावाचे गाव काश्मीर देशातून आलेल्या शैव विद्वान ब्राह्मणांना अग्रहार करून दिले, आणि तेही आपल्या गुरूच्या उपदेशावरून. हा तपशील वाचताच आमच्यापैकी काहींचे कान टवकारतील. आपले पूर्वज उत्तरेकडून, सरस्वतीतीरावरून आले अशी आपल्या समाजात दृढ श्रद्धा आहे, आणि येथे तर साक्षात काश्मीरचे ब्राह्मण! परंतु वकील या नात्याने मला इशारा द्यावासा वाटतो की, या दानपत्रातील प्रतिग्राही आणि आपली कुळे यांचा संबंध जोडणारा एकही दुवा या लेखात नाही. आवडता निष्कर्ष आणि सिद्ध निष्कर्ष यांत अंतर ठेवावेच लागते. त्या दानातून सिद्ध होते ते एवढेच की घाटमाथ्यावरील एका सेनापतीला दूरच्या काश्मीरमधील शैव विद्येची किंमत ठाऊक होती आणि ती विद्या आपल्या मुलखात रुजावी म्हणून त्याने जमीन दिली.

आता मुख्य पराक्रम. बुक्करायानंतर १३७७ मध्ये दुसरा हरिहर गादीवर आला. बहामनी आणि विजयनगर यांच्यातील झुंज तुंगभद्रा-कृष्णेच्या दुआबासाठी चालली होती हे शाळेत आपण शिकलो. परंतु ती झुंज ज्या घोड्यांवर बसून चालली, ते घोडे कोठून येत हे शाळेत कोणी सांगितले नाही. दक्षिणेच्या हवेत चांगल्या घोड्याची पैदास होत नाही. अरबस्तान आणि इराण यांकडून जहाजांतून घोडे येत, ते गोवे, होनावर, भटकळ या बंदरांत उतरत आणि तेथून घाट चढून राजधानीकडे जात. ज्याच्या हाती बंदर त्याच्या हाती घोडदळ. गोवे बहामनींकडे असणे म्हणजे शत्रूला घोडा मिळणे आणि आपला घोडा महाग होणे. ही गरज ओळखूनच विजयनगरने गोव्यावर मोहीम केली, आणि ती ज्याच्या हाती सोपविली तो पश्चिम किनाऱ्याचा तीस वर्षांचा जाणता माधव मंत्री होता. १३८० च्या सुमारास गोवे पडले. मग राजाज्ञेने त्याच प्रांताचा अधिकारी म्हणून तो तेथे राहिला.

याच सुमारास इंग्लंडमध्ये काय चालले होते पाहा. आम्ही कायद्याचे विद्यार्थी इंग्रजांचा इतिहास त्यांच्या कायद्याबरोबर शिकलो, म्हणून ही तुलना सुचते. ब्लॅक प्रिन्स एडवर्ड हा त्यांचा नामांकित सेनापती १३७६ मध्ये वारला. कँटरबरीच्या प्रार्थनामंदिरात त्याची कबर आहे, तिच्यावर चिलखत घातलेली त्याची प्रतिमा निजलेली आहे. त्याचा भाऊ जॉन ऑफ गाँट याचा लंडनमधील सॅव्हॉय वाडा १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात जाळला गेला. या सरदारांच्या लढाया, मेजवान्या, रागलोभ यांचे वर्णन फ्रॉइसार नावाच्या बखरकाराने पानोपानी करून ठेवले आहे. आमच्या माधवाच्या वाट्याला असा बखरकार आला नाही. कबर नाही, प्रतिमा नाही, वाडा नाही. त्याच्याविषयी जे हाती लागते ते दोन प्रकारच्या साधनांतून: त्याने लिहिलेला ग्रंथ आणि त्याची दानपत्रे. म्हणजे एक शास्त्र आणि दुसरा दस्तऐवज. दस्तऐवजावरून माणूस ओळखणे हा माझा रोजचाच धंदा असल्यामुळे मला याचे वाईट वाटत नाही. बखरकार खुशामत करतो. खरेदीखतात किंवा दानपत्रात खुशामत असली तरी चतुःसीमा, तारीख आणि बापाचे नाव ही खरीच लिहावी लागतात.

ते महत्त्वाचे दानपत्र शके १३१३, प्रजापती संवत्सर, म्हणजे इ. स. १३९१ चे आहे. त्याने माधवाने कुचर नावाचे गाव ब्राह्मणांना अग्रहार दिले. हे कुचर म्हणजे वेंगुर्ले तालुक्यातील कोचरे. दान देताना गावाचे नाव बदलून माधवपूर ठेवले. दुसऱ्या एका दानगावाला आईच्या नावावरून नाव दिले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दात्याची स्तुती संस्कृत श्लोकांत आहे, आणि त्या स्तुतीतच आपल्याला हवा असलेला मजकूर सापडतो. त्याचा आशय असा की, कोकणची राजधानी जे गोवे, तेथून तुरुष्कांचे समुदाय या माधवाने आपल्या बाहुबळाने उखडून काढले आणि त्यांनी उन्मूलित केलेल्या श्रीसप्तनाथादी देवांची पुन्हा प्रतिष्ठा केली.

या आशयातील दोनतीन शब्दांवर घटकाभर थांबणे जरूर आहे. पहिला शब्द 'तुरुष्क'. लेखकाने कोणत्याही धर्माचे नाव घेतलेले नाही, सत्ताधारी लोकांच्या जातीचे नाव घेतले आहे. दुसरा 'आदी'. म्हणजे केवळ सप्तकोटेश्वर नव्हे, आणखीही देवस्थाने पडलेली होती आणि ती उभारली गेली. ती कोणती हे पत्र सांगत नाही, म्हणून गोव्यातील प्रत्येक देवस्थानाने आपल्या स्थळपुराणात माधवाला ओढून आणू नये. तिसरी गोष्ट शब्दांच्या जोडीची आहे. शत्रूने देव उखडले, माधवाने शत्रू उखडला. कवीने जाणूनबुजून एकाच क्रियेची दोन टोके जुळविली आहेत. आणि शेवटचा शब्द 'प्रतिष्ठा'. सेनापतीची स्तुती करणारा कवी किती हत्ती मारले, किती मुंडकी पडली हे सांगू शकला असता. बाकीच्या प्रशस्त्या तसेच सांगतात. येथे विजयाचे माप म्हणून पुन्हा बसविलेला देव पुढे केला आहे. देव पुन्हा बसवायचा म्हणजे नुसते देऊळ बांधणे नव्हे. पूजेची जमीन शोधून काढावी लागते, ती बळकाविलेल्यांकडून परत घ्यावी लागते, पुजाऱ्यांची पांगलेली घराणी गोळा करावी लागतात, नैवेद्याच्या तांदळापासून नंदादीपाच्या तेलापर्यंत सर्वांची तरतूद बांधून द्यावी लागते. देवस्थानच्या मुखत्यारीची कामे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सांगणे नको. तलवारीचे काम एका मोसमात संपते. दुसरे काम वर्षानुवर्षांचे असते, आणि १३९१ पर्यंत माधव गावे दान देताना दिसतो हे त्याचेच चिन्ह आहे.

आता त्या नामसाम्याच्या वादाकडे वळू. विद्यारण्य म्हणजे पूर्वाश्रमीचे माधवाचार्य, वेदभाष्यकार सायणांचे वडील बंधू, अशी परंपरा आहे. पराशरस्मृतीवरील त्यांचा 'पराशरमाधवीय' हा ग्रंथ आम्हां वकिलांना अपरिचित नाही. त्याच्या व्यवहारकांडाचा आधार दक्षिणेतील न्यायालयांनी घेतलेला आहे. व्रतवैकल्यांचा काल ठरविणारा 'कालमाधव' तर पंचांगकर्त्यांच्या हाताशी असतो. माझ्या मावशीच्या एकादशीचा निर्णय शेवटी तेथेच पोचतो. असा हा कीर्तिमान माधव. इतक्या मोठ्या नावाशेजारी दुसरे तेच नाव आले की मोठे नाव लहानाला गिळते. एकोणिसाव्या शतकात हे ताम्रपट प्रथम प्रसिद्ध होऊ लागले तेव्हा तसेच झाले, आणि विद्यारण्य हे रणांगणावरचे सेनानीही ठरले.

आमच्या तालुका कचेरीत असा घोटाळा रोज उपस्थित होतो. उताऱ्यावर एकाच गावात सात रामा निघतात. त्यांचा निवाडा कसा होतो? बापाचे नाव पाहून. येथेही तसाच निवाडा आहे. पराशरमाधवीयाचा कर्ता स्वतःच ग्रंथारंभी आपला परिचय देतो: बाप मायण, आई श्रीमती, भाऊ सायण आणि भोगनाथ, गोत्र भारद्वाज. गोवे जिंकणाऱ्याचा बाप चौंड, आई माचांबिका, गोत्र आंगिरस, गुरू क्रियाशक्ती. बाप निराळा, आई निराळी, गोत्र निराळे. एवढ्यावर कोणतेही न्यायालय दोन वादी एक आहेत असे म्हणणार नाही. म्हैसूर संस्थानच्या पुराणवस्तुसंशोधन खात्याचे प्रमुख रा. नरसिंहाचार यांनी १९१६ मध्ये हा भेद लेखांच्या आधारे स्पष्ट मांडला. त्यात तारखेचा पुरावा मिळविला म्हणजे शंकेला जागाच राहत नाही. शृंगेरीच्या पीठावरील विद्यारण्य १३८६ मध्ये समाधिस्थ झाले असे त्या वर्षीच्या लेखावरून मानले जाते. १३९१ मध्ये गाव दान देणारा माधव तेव्हा जिवंत होता. आणि मावशीचा मुद्दा तर आहेच: आईचे नाव गावाला देणारा माणूस संन्यासी कसा असेल?

येथे कोणी म्हणेल, दोन माधव असोत की एक, देव तर पुन्हा बसला ना? मग हा वकिली काथ्याकूट कशासाठी? या आक्षेपाला मी हलके मानीत नाही. श्रद्धेला तपशिलाची गरज नसते हे मला मान्य आहे. परंतु जेव्हा आपण सभामंडपात उभे राहून इतिहास म्हणून काही सांगतो, तेव्हा आपण साक्ष देत असतो. विद्यारण्यांना या साक्षीने काही मिळत नाही. त्यांचे मोठेपण त्यांच्या ग्रंथांवर भक्कम उभे आहे. उलट त्यांचा संन्यास मात्र आपण अकारण मोडतो. आणि ज्याने तीस-चाळीस वर्षे पश्चिम समुद्राच्या कडेला मोहिमा केल्या, प्रांत सांभाळला, देवस्थाने मार्गी लावली, त्याच्या नावावरची एकुलती एक मिळकत आपण काढून घेतो. दुसऱ्याची मिळकत तिसऱ्याच्या नावावर चढविण्याला आमच्या पेशात चांगले नाव नाही.

माधवाने बसविलेला देव त्या जागी किती काळ राहिला? विजयनगरची सत्ता गोव्यावर सुमारे नव्वद वर्षे टिकली. १४७२ मध्ये बहामनींचा वजीर महमूद गावान याने गोवे घेतले, आणि त्यानंतर लगेच बेळगावचा किल्लाही. पुढे आदिलशाही आली, १५१० मध्ये पोर्तुगीज आले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली तेव्हा सप्तकोटेश्वराचे देऊळही गेले. म्हणजे माधवाची प्रतिष्ठा सुमारे दीडशे वर्षांहून थोडी अधिक टिकली. नार्वेला त्या जागी कँडेलारिया मातेचे कपेल उभे राहिले. परंपरा सांगते की लिंगाचा दगड एका विहिरीच्या रहाटासाठी लावण्यात आला होता. भतग्रामचे नारायण शेणवी सूर्यराव देसाई यांनी तो नदीपार नेला आणि डिचोली महालात हिंदळे येथे त्याची स्थापना केली. दिवाडीच्या नार्वेचे नावच मग त्या नव्या जागेला चिकटले. आपल्यापैकी बहुतेकांच्या कुलदैवतांची कहाणी याहून वेगळी नाही. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली.

या स्थलांतराचा विचार करताना मला प्रिव्ही कौन्सिलचा १९२५ चा एक निवाडा नेहमी आठवतो. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातील तो खटला: प्रमथनाथ मल्लिक विरुद्ध प्रद्युम्नकुमार मल्लिक. घरातील देव आपल्या पाळीत आपल्या राहत्या जागी न्यावा की नाही असा वाद होता. न्यायाधीशांनी सांगितले की देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, ती जंगम वस्तू नव्हे. आणि कोठे राहावे याविषयी देवतेचे स्वतःचे काही म्हणणे असू शकते, ते निःपक्ष अशा कोणीतरी मांडले पाहिजे. लंडनमध्ये बसलेल्या त्या न्यायाधीशांना दिवाडी ठाऊक नव्हती. परंतु अंधारात होडी घालून दगड पलीकडे नेणारे सूर्यराव आणि त्याआधी पडलेल्या देवळाच्या ढिगाऱ्यातून त्याची जागा शोधणारा माधव यांनी देवतेचे म्हणणे कोणत्याही न्यायालयाच्या आधी ऐकले होते, असे मला वाटते.

शिवाजी महाराजांनी डिचोलीकडे आल्यावर या देवाचे जीर्ण देऊळ पाहून ते नव्याने बांधण्याची आज्ञा केली. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार. इंग्रजी सन १६६८. तो लेख देवळाच्या दारावर आहे. अलीकडे गोवे सरकारने या वास्तूचे जतनकाम करून २०२३ मध्ये ती लोकांसाठी पुन्हा खुली केली.

त्यानंतर एकदा मी मावशीला घेऊन नार्वेला गेलो. लोंढ्याहून पहाटे निघालो होतो, तरी दुपार झाली. दर्शन झाले, प्रदक्षिणा झाली. तिने दारावरचा लेख माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग विचारले, "हांगा माधवाचें नांव खंय बरयलां?" मी सांगितले की येथे नाही, हा लेख महाराजांच्या आज्ञेचा आहे, माधवाचे नाव तांब्याच्या पत्र्यावर आहे, आणि त्याने बसविलेले देऊळ येथे नव्हतेच, ते नदीपलीकडे दिवाडीवर होते. कोचऱ्याचे माधवपूर आता कोणी म्हणत नाही, हेही सांगितले. तिने गोत्र विचारले, ते आंगिरस. आईचे नाव विचारले, ते माचांबिका. ते नाव तिने दोनतीन वेळा स्वतःशी घोळविले. मग चपला पायात सरकवीत म्हणाली, "तर पलतडीं वचूंया."

फेरीबोट रिकामीच होती. दिवाडीच्या नार्वेत कोटितीर्थाचा तलाव अजून आहे. पायऱ्या झिजलेल्या, पाण्यावर शेवाळ. मावशी माझा हात धरून तिसऱ्या पायरीपर्यंत उतरली, शेवाळ बाजूस सारून ओंजळभर पाणी घेतले आणि ते डोळ्यांना लावले.